मी हायड्रोजन हलवला, शून्य लेकीला मिळालं

सगळ्यांना जय भीम. आज चिडलेय, म्हणून लिहितेय.

बारावीतल्या माझ्या लेकीला केमिस्ट्री तिचे पप्पा शिकवायचे. ते गेल्यापासून पुस्तकं वाचून मीच शिकवते. रिएजंट, म्हणजे कोणतं रसायन काय घडवतं, ते मला जमले. अल्कोहोलवर पीसीसी टाकलं की ते अल्डिहाइडवर थांबतं, परमँगनेट थेट ॲसिडपर्यंत नेतं, हे मी भाकरी थापतानाही सांगेन.

आज ती मुकुंदवाडीच्या क्लासमधून पेपर घेऊन आली. ॲसिटोनच्या रेझोनन्सच्या आकृत्यांना शून्य. मी शिकवलं तसाच तिनं हायड्रोजन उचलून ऑक्सिजनवर ठेवला होता.

"मम्मी, रेझोनन्समध्ये अणू हलवायचेच नसतात. फक्त इलेक्ट्रॉन हलतात. सर म्हणाले, हा दुसराच पदार्थ झाला."

"पुस्तकात बाण तर होता."

"तो इलेक्ट्रॉनचा असतो. आता तू नको शिकवू, मी बघते माझं."

एक माणूस गेला की घरात सगळ्यांच्याच जागा हलतात, हे मी पाहिलंय. सगळे जागेवर राहून आकृती कशी बदलते, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही.

तुमच्यापैकी कुणी एकट्यानं रेझोनन्स शिकलंय का? कसं, ते सांगा. संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी बसतो, ते या एका विषयासाठीच.