मॅचिंगवाल्या काकूंची गेअरची सायकल

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत सायकलीच्या पोटात काय काय असतं, हे मॅचिंगवाल्या काकूंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मागचं चाक सोडवायचं, त्यातले छर्रे काढून डिझेलमध्ये धुवायचे, ग्रीस लावून एकेक परत बसवायचे, चेनची कडी काढून पुन्हा जोडायची, हे सगळं त्या पदर कमरेला खोचून अंगणात बसल्या बसल्या करत. पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आणि गंमत अशी, की तेव्हा त्यांना सायकल चालवता येत नव्हती.

त्यांचं खरं नाव सुमन. पण घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर असा सगळा माल. त्यामुळे काकू झाल्या मॅचिंगवाल्या, आणि यजमान सगळ्या गल्लीचे भाऊ. मी समोरच्या घरात राहायची. वर्ध्याच्या ऑफिसातून घरी आले, की चहाचा कप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायचं, हा माझा रोजचा शिरस्ता. दुकानात कुणी साडी घेऊन आलं, की काकू ती ट्यूबलाइटखाली बघतच नसत. साडी खांद्यावर टाकून थेट रस्त्यावर उन्हात. "लाल म्हनजे कोनता लाल वं बाई? मिरचीचा, कुंकवाचा का गाजराचा?" गिऱ्हाईक गोंधळून जाई. काकू मात्र आत जाऊन पहिल्याच फटक्यात नेमका तो लाल काढून आणत.

मग त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि भाऊंनी तो इतका मनावर घेतला की दुकानाची पायरीसुद्धा चढू देईनात. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना नुसतं बसायला मिळालं, आणि ते त्यांना सोसलं नाही. मुलगा प्रफुल्ल पुण्याला नोकरीत, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. घरात स्वयंपाकाला बाई लावलेली. काकू खिडकीत बसून राहत. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, "दुखत काहीच नाई पोरी. पन सकाळी काऊन उठावं, कशासाठी उठावं, हे समजत नाई."

दिवाळीच्या आधी भाऊंनी मागची खोली आवरायला काढली आणि भंगारवाल्याला बोलावलं. मी तेव्हा फाटकापाशी उभी होते. पंखा गेला, फुटका कूलर गेला, आणि मग बाहेर आली प्रफुल्लची कॉलेजच्या काळातली गेअरची सायकल. डोंगरात चालवायची म्हणतात ती, जाड टायरांची, पुढच्या चाकाला शॉकअप असलेली. टायर तडकलेले, चेनचा गंजून गोळा झालेला, ब्रेकची वायर जागच्या जागी चिकटलेली. भंगारवाल्यानं ती उचलली आणि काकू घरातून ओरडल्या, "थांब रे बापा! हे नाई द्यायची."

"काऊन वं? काय करतं तिचं?" भाऊंनी विचारलं.

"मालूम नाई. पन नाई द्यायची."

दुसऱ्या दिवशी अंगणात बारदाना अंथरलेला, त्यावर सायकल उलटी उभी केलेली, आणि काकू तिच्याकडे एकटक बघत बसलेल्या. दोन-तीन दिवस त्या अशा नुसत्या बघत राहिल्या. मग कुणीतरी मोबाईलवर सायकल खोलतानाचे व्हिडिओ शोधून दिले, आणि एके सकाळी पहिला नट फिरला. फिरला कसला, हटूनच बसला होता. काकूंनी त्यावर तेल सोडलं, जेवून आल्या, झोपून आल्या, चहा पिऊन पुन्हा पाना लावला. कर्र आवाज आला आणि नट हलला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

त्या थंडीत आमच्या गल्लीला एक विषयच मिळाला. कुणी म्हणे, काकू मुलाच्या आठवणीनं असं करतात. कुणी म्हणे, डोक्यावर परिणाम झाला. मीही एकदा विचारलं, की हे कुणासाठी चाललंय? काकू चेन पुसत होत्या. जुन्या परातीत डिझेल, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाल्या, "पाह्य, आजवर या हातानं जे केलं ते एक तं कोनी खाल्लं, नाई तं कोनी नेसलं. चांगलंच झालं. पन एक तं वस्तू अशी पायजे का नाई, जे मी फक्त माह्या मजेसाठी केली?"

मी म्हटलं, "पण काकू, दुकानात केवढी कामं पडलीत."

"काम सरत नाई वं. आपन सरतो."

हे वाक्य मग त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींनाही पाठ झालं.

काकूंची दुसरी खोड म्हणजे 'चालते' हा शब्द त्यांना चालत नसे. मेन रोडवरचा सायकल दुकानदार म्हणाला, की मागच्या गेअरचा सेट आता मिळत नाही, साधं फ्रीव्हील टाकून घ्या, चालते. काकूंनी त्याला ऐकवलं, "साडीले जुळत नसला तं मी गिऱ्हाइकाले ब्लाउजपीस देत नाई. 'चालते' म्हनून काई चालत नसते." शेवटी भाऊच दुकानाचा माल आणायला नागपूरला गेले, तेव्हा त्यांनी चार दुकानं पालथी घालून तो सेट मिळवला. संध्याकाळी बसमधून उतरले आणि पिशवी काकूंपुढे ठेवत म्हणाले, "हा घे फॉल, हे अस्तर, अन् हे तुह्यं लोखंड." भाऊ मितभाषी माणूस. त्यांनी बायकोला कधी गजरा आणल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी ते लोखंड काकूंनी ज्या हळुवार हातांनी कागदातून सोडवलं, ते पाहून मी चहा अर्धा टाकून घरी आले. त्या दोघांमध्ये आपण बसू नये असं वाटलं.

रंगाची तर कथाच झाली. दुकानदारानं मोरपंखी म्हणून दिलेला डबा काकूंनी उन्हात उघडला, काडीनं ढवळला आणि परत नेऊन दिला. "हा मोरपंखी नाई बाप्पा. हा पोपटीचा चुलतभाऊ हाये." मग दोन रंग घरी आणून त्यांनी स्वतःच मिसळले. पॉलिश पेपरनं घासघासून गंज आधीच काढलेला होता. तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. गेअर मात्र त्यांना सतावत राहिले. मोठ्या चक्रीवर गेलं की चेन उतरायची. तिथे दोन बारीक स्क्रू असतात. काकू त्यांना केसभर फिरवत, हातानं पॅडल फिरवून बघत, पुन्हा केसभर. एका दुपारी चेन सरसर वर चढली, सरसर खाली आली, कुठे अडली नाही. काकूंनी मला हाक मारली. नुसतं पॅडल फिरवून तो आवाज ऐकवला.

"आता चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी. अजून कोन?"

वस्तीच्या मागे प्लॉटचं नवीन लेआऊट पडलं होतं. मुरमाचे रस्ते तयार, घर एकही नाही. तिथे सकाळी काकू पंजाबी ड्रेस घालून सायकल शिकू लागल्या. तो ड्रेसही त्यांनी पहिल्यांदाच घातला होता. सीट धरून मागे भाऊ. ते धापा टाकत, काकू त्यांनाच रागवत, "तुमी काऊन हालवून राह्यले?" फिरायला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत. काकूंनी एकदा थांबून त्यांना विचारलं, "तुमाले पन शिकाची हाये काय?" हसणं थांबलं.

पंधरवड्यात त्या एकट्या चालवू लागल्या, आणि नाल्याच्या उतारावर पडल्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, पुढची रिम वाकली. प्रफुल्ल दुसऱ्या दिवशीच पुण्याहून आला. मी तिथेच होते. घाबरलेला माणूस जसा रागावतो तसा तो रागावला होता.

"आई, हे काय वय आहे का? उद्या डोक्याला लागलं असतं म्हणजे? ही सायकल मी आज भंगारवाल्याला देऊन टाकतो."

काकू पलंगावर, हात गळ्यात. शांतपणे म्हणाल्या, "देजो. पन आधी सांग, मी खिडकीत बसून होती तवा तू आलता काय?"

आईचे ते दिवस प्रफुल्लला कुणी कळवलेच नव्हते. भाऊ भिंतीकडे बघत राहिले. काकू उठल्या, बाहेर गेल्या आणि अंगणातून हाक दिली, "आलाच हाये तं ये इकडं. एका हातानं रिम धरता येत नाई मले."

तो गेला. सुरुवातीला ओठ आवळून बसला. काकू उजव्या हातानं आऱ्या आवळत होत्या, तो चाक धरून होता. तासाभरानं त्याचा आवाज ऐकू आला, "आई, ही सायकल माझी होती तेव्हा मी हिला कधी तेलसुद्धा दिलं नव्हतं." परत जायच्या आधी तो बाजारात जाऊन आईसाठी हेल्मेट घेऊन आला.

प्लास्टर निघालं, हातात जोर आला, आणि पुढच्या थंडीत काकूंनी जाहीर केलं की त्या माहेरी सायकलनं जाणार. माहेर समुद्रपूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच गाव. त्यांचा थोरला भाऊ, प्रफुल्लचा मामा, तिथे भाजीपाला पिकवतो. आम्ही पहाटे उजाडता उजाडता निघालो. काकू पुढे सायकलवर, त्यांच्या मागे भाऊ स्कूटरवर, त्यांच्या मागे मी माझ्या स्कूटीवर. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. एसटी बाजूनं गेली, तर कंडक्टरनं अख्खी मान बाहेर काढून पाहिलं. चढ आला की काकू गेअर टाकत. फारच झालं तर उतरून चालत, आणि आम्ही काही बोलायच्या आत सांगत, "उतरून चालनं म्हनजे हारनं नाई." वाटेत तीनदा थांबून गूळ-दाणे खाल्ले. ऊन चांगलं तापलं तेव्हा गाव आलं.

भाऊंना आणि मला त्यांनी शेताला लागूनच्या पिंपळाखाली थांबायला लावलं. मामा वांग्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. काकू सायकल घेऊन त्यांच्यासमोर गेल्या. हेल्मेट, काळा चष्मा, पंजाबी ड्रेस. ओळखणार कसे?

"कोन पायजे बाई?"

"वांगे पायजे. ताजे हाये काय?"

मामांनी खरंच दोन वांगी तोडली. मग आवाज डोक्यात शिरला, आणि वांगी हातातच राहिली. "सुमे? तू? सायकलनं?"

पाणी पिऊन झाल्यावर मामा सायकलभोवती फिरले. सीटवर हात ठेवला. त्यांच्या लहानपणी घरात एकच सायकल होती. मामा ती चालवत आणि सुमन कॅरिअरवर मागे बसून शाळेत जाई. मामांची शाळा संपली, तशी तिचीही संपली. हे मला तिथे, त्या शेतात, मामांच्याच तोंडून कळलं. मग ते म्हणाले, "तुले तं आमी कधी शिकवलंच नाई वं."

"म्हनून तं यायले उशीर झाला," काकू म्हणाल्या, आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मामाही डोळे पुसत हसले.

त्यानंतर दोन वर्षं त्या रोज सकाळी फिरल्या. कधी पवनारच्या दिशेला, कधी नुसत्याच लेआऊटला चकरा. मग सुनेचं बाळंतपण जवळ आलं आणि प्रफुल्लनं आई-वडिलांना पुण्याला कायमचंच बोलावलं. भाऊंच्या गुडघ्यांनाही आता दुकान झेपत नव्हतं. सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा काकूंनी सायकल माझ्या दारात आणून उभी केली.

"काकू, हे काय? न्या ना बरोबर."

"शाळेत चालवत होती ना तू? मंग? ऑफिस, घर, ऑफिस. किती दिवस चाललंय हे तुह्यं?"

"अहो, पण एवढ्या मेहनतीनं केलेली..."

"मेहनत हातात हाये वं. ते थोडीच इथं सोडून चालली मी." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "चेनले तेल देत जाजो. बिलकूल विसरजो नको."

ट्रक गेला, मागून त्यांची गाडी गेली. भाऊंनी हात हलवला, काकूंनी वळून पाहिलं नाही. मला वाटतं त्या रडत असाव्यात. समोरचं घर आता भाड्यानं दिलंय. मी रविवारी सकाळी निघते. सुरुवातीला संकोच वाटे, आता वाटत नाही. परवा पवनारच्या पुढे पंक्चर झालं, तर रस्त्याच्या कडेला बसून मी स्वतःच ट्यूब काढली. काम बरं जमलं नाही, घरी येईपर्यंत हवा गेली. पण पुन्हा करीन.

मागच्या महिन्यात प्रफुल्लनं फोटो पाठवला. उंच इमारतीची गॅलरी, खाली अंथरलेली जुनी चादर, आणि तिच्यावर उलटी उभी केलेली कुठली तरी गंजकी लेडीज सायकल. काकू तिच्यापाशी बसलेल्या, नाकालासुद्धा ग्रीस. खाली प्रफुल्लनं लिहिलं होतं, 'सोसायटीच्या पार्किंगमध्ये बेवारस पडली होती. मीच उचलून आणली.' पाठोपाठ काकूंचा व्हॉइस मेसेज आला. मागे बाळ रडत होतं, म्हणून त्या ओरडून बोलत होत्या.

"सुनेसाठी करून राह्यली वं. तिले चालवता येत नाई म्हनते. मी म्हटलं, येत नाई तं येईल. तू फक्त बस, मांगून धरायले मी हाये."