झोपतानाच्या दोन बाटल्या

“तुमची मुलगी गोरी नाही. तिच्या अंगात रक्त नाही.” वाशिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या तेव्हा मी अजून हसतच होतो. कारण नुकतंच मी त्यांना कौतुकानं सांगितलं होतं, की आमच्या घरात सगळे तव्याच्या बुडासारखे, ही एकटीच दुधानं उजळली.

त्यांनी चिमीचा तळहात नर्सच्या तळहाताशेजारी धरला. मग तिची खालची पापणी ओढून आतली बाजू मला दाखवली. तिथं लाली नव्हतीच. अडीच वर्षांच्या माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल भाग, ३.८ निघालं. अकराच्या आसपास तरी हवं होतं.

“दूध किती पिते?”

हा प्रश्न आपल्याला येतो, असं वाटून मी छाती फुगवून सांगितलं, दिवसभरात चार बाटल्या आणि झोपताना दोन. घरच्या म्हशीचं, पाणी न घालता.

बाईंचा पेन थांबला. आजाराचं नाव त्यांनी आयर्न डेफिशियन्सी ॲनिमिया असं सांगितलं. म्हणजे लोह कमी पडल्यामुळे रक्तच तयार होत नाही. दुधात लोह नसल्यासारखंच असतं. वर दुधानं पोट भरलं की लेकरू जेवत नाही, आणि जे थोडं खाल्लं त्यातलं लोहही अंगी लागत नाही.

आमची कामरगावजवळ भाजीची वाडी आहे. सकाळी बाजार, म्हणून संध्याकाळी सगळं घर मेथी-पालकाच्या जुड्या बांधतं. माझ्या जुड्या सैल सुटतात, त्यामुळे मला त्या कामातून काढलेलं. चिमीला झोपवणं माझ्याकडे. गाणं येत नाही, गोष्ट अर्ध्यात विसरतो, पण बाटली धरता येते. ती माझा कान मुठीत धरून दूध प्यायची. पहिली बाटली संपेपर्यंत तिचे डोळे मिटलेले असायचे. खरं सांगतो, दुसरी माझ्यासाठी होती. ती संपेपर्यंत कान सुटत नसे.

बायको, सुनंदा, बोलली होती. “नुसतं दूधच पाजून राह्यले तुमी. लेकराले भाकर कोन चारीन?”

“मशीच्या दुधात सारं असते,” मी म्हणालो होतो. जणू म्हशीनं मला लिहून दिलं होतं.

चिमी वाफ्यातली माती खायची. मी ते चारचौघांत रंगवून सांगायचो, अस्सल शेतकऱ्याची लेक म्हणून. बाई म्हणाल्या, याला पायका म्हणतात. अंगात लोह कमी असलं की लेकरं माती, खडू असं काहीबाही खातात. मातीनंतर काही दिवसांनी चिमी दोन पायऱ्या चढल्या तरी खाली बसू लागली. मी म्हटलं, लाडावली. शेवटी एक दिवस सुनंदानं तिला उचललं आणि दवाखान्यासाठी सरळ जीप गाठली. मी मागून पळत गेलो, पायात दोन वेगळ्या चपला.

रक्त चढवायचं ठरलं, पण हळूहळू. हृदय आधीच थकलेलं, एकदम भरलं तर झेपणार नाही, असं बाई म्हणाल्या. जगेल ना, हे मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं, “जेवन चालते ना तिले?”

शीर सापडेना. चौथ्या वेळी सुई लागली. चिमीला जोरानं रडायचीही ताकद नव्हती. तिनं माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, “बाबा, दुदू.” आणि या शहाण्यानं पिशवीतून भरलेली बाटली काढली. नर्सनं ती माझ्या हातातून घेतली.

रक्तपेढीतून आलेल्या पिशवीच्या बदल्यात मी रक्त दिलं. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच एक काम मला नीट जमलं, तेही आडवं पडून.

तुमच्या घरी लहान लेकरू असेल तर एवढं ऐका. वर्षाच्या पुढे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, तेही कपानं, आणि आधी जेवण, असं बाईंनी मला सांगितलं. वरण, पालेभाजी, अंडं, सोबत लिंबू. आम्ही अर्ध्या तालुक्याला मेथी खाऊ घालत होतो. माझ्या लेकीच्या पोटात काडी गेली नव्हती.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी चिमी दुधासाठी माझ्या पायांना बिलगून तळमळली. मी म्हटलं, दोन घोट देतो.

सुनंदा म्हणाली, “द्या. पन मंग पुढच्या सुईले तिचा हात तुमीच धरा.”

मी तिचे हात सोडवून वाडीत निघून गेलो. रडणं विहिरीपर्यंत ऐकू येत होतं.

तीन महिने लोहाचं औषध झालं. हिमोग्लोबिन दहाच्या वर आलं. बोलणं मात्र वयाच्या मागे आहे. दुधामुळेच का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, “नक्की सांगता येत नाही. भरून निघेल अशी आशा आहे. लक्ष ठेवू.” त्यांचे उपकार आहेत. सुनंदाचे त्याहून जास्त. “मी सांगत होती,” हे वाक्य तिनं आजवर उच्चारलेलं नाही.

चिमी आता आईजवळ झोपते, माझ्याकडे येत नाही. मी पलीकडच्या बाजेवरून तिचा श्वास ऐकतो. सावकाश चालतो. आधी तो धापा टाकल्यासारखा चालायचा, अगदी माझ्या कानाशी. आणि मला वाटायचं, पोट भरून झोपली.