अण्णांच्या कॉफीचा नवस

वडलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा देवाला नवस बोलताना मी कॉफी सोडली. माझी नव्हे, त्यांची.

यावर कुणी म्हणेल, त्यात काय बिघडलं, प्रकृतीला चांगलंच की! असं म्हणणाऱ्यानं अण्णांना कॉफी पिताना पाहिलेलं नसणार. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलंय, की आमच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात आणि कन्नडला शेजारी. पण अण्णांच्या कॉफीला हसायची कुणाची छाती नव्हती. मी लहान असताना ते मला हाताला धरून चिकपेटच्या गर्दीतून कॉफीच्या दुकानात न्यायचे. दुकानदार बिया दळू लागला की अण्णा चिमूटभर पूड तळहातावर घेऊन हुंगायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "स्वल्प अजून बारीक." येताना ती ताजी, गरम पुडी मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरायचो. डिसेंबरातल्या सकाळी तिच्यासारखी ऊब दुसरी नाही. घरी आल्यावर पितळी फिल्टरमधून थेंब पडायला लागले की अण्णा समोर पेपर असूनही तो न उघडता नुसते ऐकत बसायचे. देवपूजा आई करायची. अण्णांची पूजा ही अशी.

तो रविवार होता. मी एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरून आईच्या हातचं जेवायला आलो होतो. अण्णा कॉफीचा लोटा घेऊन उभे होते. एकदम म्हणाले, "एवढा घाम का येतोय रे?" लोटा हातातून निसटला आणि मागोमाग तेही भिंतीला टेकून खाली बसले. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यानं त्यांना माझ्याबरोबर उचललं आणि "जाग बिडी, जाग बिडी", वाट सोडा, असं ओरडत, हातगाड्यांना बाजूला सारत आम्हाला इस्पितळात पोचवलं. अण्णांना आत नेलं, दार बंद झालं.

बाहेर आई, पाठोपाठ धावत आलेली अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी. आमच्या घरात नवस मनातल्या मनात बोललेला चालत नाही. मुलानं तळहातावर पाणी घेऊन मोठ्यानं बोलायचा, घरच्यांच्या साक्षीनं. आणि सोडायची ती वस्तू जिवापाड आवडीची हवी. कारलं सोडून खंडोबा पावत नाही.

"बोल," आईनं बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं. "आज त्याचाच वार आहे."

देवाशी माझं बोलणं बारावीच्या निकालापासून बंद होतं. जिवापाड आवडीचं काय, काय, म्हणून शोधू लागलो, तर डोळ्यांसमोर फरशीवर घरंगळणारा तो लोटा. तोंडातून निघून गेलं, "खंडोबा, माझ्या अण्णांना वाचव. ते जन्मात कॉफीला शिवणार नाहीत!"

आणि पाणी सोडलं.

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "अरे शहाण्या, दुसऱ्याचं काय सोडतोस? तुझं काहीतरी सोड!"

"आता शब्द गेला," आई म्हणाली आणि डोळे मिटून पुन्हा पुटपुटू लागली.

देव पावला. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली, अण्णांच्या गालांवर रंग आला. घरी सोडताना त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. डॉक्टर हसून म्हणाले, सकाळी एक छोटा कप चालेल. अण्णांचा चेहरा असा खुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. घरी आल्यावर आईनं सगळं सांगितलं.

"डॉक्टर परवानगी देतो," अण्णा सावकाश म्हणाले, "आणि माझा मुलगा देत नाही?"

त्यांचा स्वतःचा नवसावर काडीचाही विश्वास नव्हता. चोरून प्यायले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी नुसतं फिल्टरकडे बघितलं तरी आई कापायची. "शब्द मोडला आणि पुन्हा तसं काही झालं तर?" एवढंच ती म्हणायची आणि पदर तोंडाशी न्यायची. तिच्यासाठी ते नाचणीची गंजी, म्हणजे पेज, प्यायचे, खिडकीशी बसून, औषध प्यावं तसं. माझ्याशी बोलणं सोडलं होतं. फडताळात फिल्टर पालथा पडलेला. मी रोज महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून थेट तिकडे जायचो; घरात तो वास नसायचा आणि घर आमचं वाटायचं नाही.

शेवटी मीच आईला म्हटलं, "त्यांच्या जागी मी सोडली तर? जन्मभर?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

त्याला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आईनं देवघरात खंडोबाच्या टाकाला ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे मांडी घालून बसलो. अण्णांना खाली बसायची बंदी होती, म्हणून ते दारात खुर्चीवर, अंग पुढे झुकवून. पाकळी हलेना. मी हळूच पंख्याच्या बटणाकडे सरकलो, तर अक्कानं मांडीला असा चिमटा काढला, की पुढचं सगळं मी पाणावल्या डोळ्यांनी पाहिलं. आईचे ओठ हलत होते. अण्णा, ज्यांनी आयुष्यात देवाकडे काही मागितलं नाही, ते टाकावरची नजर काढत नव्हते.

पाकळी उजवीकडे घसरली. आईला हुंदका आवरेना. तशीच ती उठली आणि फडताळातला फिल्टर सुलटा केला.

अण्णा त्यानंतर पुष्कळ जगले आणि एका दुपारी झोपेत शांतपणे गेले. मी अजून कॉफी पीत नाही. ज्याच्यासाठी नवस होता ते माणूस गेलं की त्यातून सुटता येतं का, असं आईला एकदा विचारणार होतो, पण विचारलं नाही. चिकपेटमधून जाताना दळणाचा वास आला की पोटाशी ती गरम पुडी असल्यासारखं वाटतं आणि मी जरा हळू चालतो.

पण पाकळी पडली त्या दिवशी कॉफी झाली. अण्णांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. मी समोर त्यागमूर्तीसारखा बसलेलो. म्हटलं, आता तरी पाठीवरून हात फिरवतील. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले.

"फार ताठ बसू नकोस. देवानं पाकळी दिली ती माझी कीव येऊन. तुझ्याकडून त्याला मिळालं काय, तर महादेवपुऱ्याच्या ऑफिसातल्या मशीनचं गढूळ पाणी!"