एका घावात उघडलेला गोटा

यॉर्कशायरच्या त्या किनाऱ्यावर जॅनिस व्हेरिलला ओळखत नाही असं कुत्रंही सापडायचं नाही. गेली तीस वर्षं ओहोटी लागली की बाहेरगावची कुटुंबं तिच्यामागून काळ्या खडकांवर उतरतात. पोरांच्या हाती हातोडे, आयांच्या हाती चहाचे थर्मास. गोटे फोडायचे आणि आत दगड झालेला वळसेदार प्राचीन शंख, म्हणजे अमोनाइट, मिळतो का, बघायचं. प्रत्येक वेळी जॅनिस तीच गोष्ट सांगते: "सात वर्षांची होते मी. डॅडनी गोटा दाखवला, मी एकच घाव घातला, अन् आत हा!"

तो अमोनाइट गावच्या संग्रहालयात काचेखाली आहे, तिच्या नावाच्या चिठ्ठीसकट. त्याच्यापायी तिनं बँकेतली नोकरी सोडली, लीड्सच्या एका माणसाला लग्नाला नकार दिला, पण हा किनारा काही सोडला नाही.

त्या रविवारी पाहुणे घरचेच होते. भावाची मुलगी बेथनी, वय वर्षं सात, आणि ऐंशीला टेकलेले डॅड. सकाळभर काही हाती लागलं नाही. बेथनीनं नाक ओढायला सुरुवात केली.

"इकडे ये गं," डॅडनी हाक मारली. "हा गोटा बरा दिसतोय."

"तुम्हाला मागच्या वेळी बरी दिसली ती वीट होती, डॅड," जॅनिस म्हणाली.

"तू गप. तुला शिकवलं कोणी?"

बेथनीनं हातोडा उचलला. टक्. गोट्याची दोन सरळ शकलं झाली, आत काळंभोर चकचकीत वेटोळं.

"आत्या! एका घावात! अगदी तुझ्यासारखं!"

जॅनिसनं हसत एक शकल हातात घेतलं आणि सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला. नखाखाली वाळलेल्या डिंकाची एक पातळ, पारदर्शक तार लवली. दुकानदार फोडलेल्या गोट्याची शकलं अशीच चिकटवून ठेवतात.

तीस वर्षांत एका घावात गोटा उघडलेलं मूल तिनं पाहिलं नव्हतं. 'मी नशीबवान,' एवढंच ती म्हणत आली होती.

"बेथनी, माझी पिशवी आण बरं त्या खडकावरून." पोर लांब गेल्यावर ती वळली. "डॅड, हा डिंक."

"असेल."

"आणि माझा?"

डॅड समुद्राकडे वळले. "थंडीनं काकडली होतीस. रडत होतीस. म्हटलं, एक मिळाला की पोर घरी येईल."

"काचेखाली माझं नाव आहे, डॅड."

"अगं, याच गावात लोक या अमोनाइटांना सापाची तोंडं कोरून विकायचे, एका संतिणीनं सापांचे दगड केले म्हणून सांगायचे! मी नुसता डिंक लावला."

"त्यांनी परक्यांना फसवलं."



बेथनी धापा टाकत आली. "आत्या, माझा तुझ्याशेजारी ठेवायचा ना?"

"ठेवू," जॅनिस म्हणाली. "जोडीचाच आहे."

मग तिनं स्वतःच खडकातून सुटलेला एक गोटा शोधला, गुडघे टेकले आणि हातोडा घातला. आठ घाव. नऊ. गोटा ढिम्म. पाणी खडकांच्या फटींतून वर चढू लागलं.

"जॅनिस! भरती आली गं, पोरी!" डॅड बेथनीचा हात धरून वाटेवरून ओरडत होते. एरवी हे ओरडायचं काम तिचं.

अकरा. बारा. तिनं मान वर केली नाही.