माझो आवाज येता?

तुमच्या ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून बसलेली ती मुलगी का बोलत नाही, हे तुम्ही तिला कधी विचारलंत?

मी सांगते. ती मीच होते.

मालवणजवळचं आमचं गाव. घरात रेंज नाही. म्हणून गावामागच्या सड्यावर, त्या उंच कातळमाळावर, काजूच्या सावलीत मोबाइल धरून बसायचे. शहरातल्या कॉलेजचा एम.ए. मराठीचा वर्ग. पहिल्याच चर्चेत सरांनी प्रश्न विचारून माझं नाव पुकारलं. वारा सुटला होता. घाबरत माईक उघडला आणि तोंडातून घरचंच निघालं, "सर, माझो आवाज येता?"

सर म्हणाले, "येता? अहो, कुठे येता? आम्ही नाही येत बुवा तुमच्या गावाला!"

सगळा वर्ग हसला. चौकटीचौकटीतले दात मला दिसत होते. "आधी मराठी शिका, मग माईक उघडा," असं म्हणून सरांनीच माझा माईक बंद केला. उत्तर मला येत होतं. ते कोणी ऐकलंच नाही.

आई तिथेच काजू वेचत होती. "हसतत कशाक गो ते?"

"असाच."

"हसतत मा, मगे बरा. ओरडत नाय."

माझ्या आईची शिकलेल्या माणसांकडून एवढीच अपेक्षा. पोरीवर ओरडू नये.

त्यानंतर मी तासाला शिरले की चॅटमध्ये कोणीतरी टाकायचंच, 'येता का?' खाली हसरे चेहरे. मी गप्प झाले. गुण देताना सर म्हणाले, "तुमचा चर्चेत सहभाग नाही." तोंड दाबायचं आणि वर विचारायचं, बोलत का नाही?

मग एकदा चर्चेला प्रश्न आला, बोलीभाषांचं जतन कसं करायचं? सर अगदी रंगात येऊन बोलत होते. बोली म्हणे मराठीचं वैभव. मग हसत म्हणाले, "आपल्याकडे मालवणी आहे की! बोला बाई दोन वाक्यं. गंमत म्हणून."

गंमत. ज्या भाषेत माझी आई भांडते, रडते, देवाला जाब विचारते, ती यांची गंमत.

मी माईक उघडला. "तुमका गंमत दाखवूक मी हय बसाक नाय. प्रश्नाचा उत्तर देतंय, ता आयका. बोली टिकाक व्हयी, तर आमी बोलताना हसू नकात."

माईक बंद झाला. मी उघडला. "अजून माझा संपाक नाय." पुन्हा बंद. मग तो उघडेचना.

वर्गाची माफी मागा, असा सरांचा निरोप आला. मागितली नाही. मागणार नाही. सहभागाचे गुण गेले, जाऊ देत. पुढच्या तासाला पहिला हात मीच वर केला. सर नाव घेत नाहीत. मी हात खाली घेत नाही.

तुम्ही शिकवत असाल, तर एवढं करा. उद्याच्या तासाला त्या गप्प चौकटीचं नाव घ्या. उत्तर कुठल्याही बोलीत येऊ दे, वाक्य संपेपर्यंत थांबा. आणि कोणी हसलं, तर माईक त्याचा बंद करा.