सुजाता आजारी नव्हती

मुकुटबनच्या स्टँडवर मला निरोप द्यायला बरीच माणसं आली होती. बायको गेल्यानंतर मी घरात एकटाच राहत होतो. दोनदा न्हाणीत पाय घसरून पडलो, म्हणून मुलगी सुजाता मला पुण्याला न्यायला आली होती. कोणी तुरीची डाळ बांधून दिली, कोणी मिरचीचा ठेचा. माझ्या हाताखाली शिकलेली, आता स्वतः आजोबा झालेली पोरं पाया पडली. शेजारचे वामनराव सुजाताजवळ गेले आणि म्हणाले, "बाई, बापाले नेऊन राह्यली ते चांगलंच. पण आधी सोताच्या तब्येतीले जप. तुह्यं रक्त तसं नाजूक."

"हो काका," ती म्हणाली आणि बॅगा घेऊन बसमध्ये चढली.

वणीच्या स्टँडवर चहा घेताना ती म्हणाली, "आज तरी तुम्ही त्यायले सांगसान असं वाटलं होतं."

मी सांगितलं नाही. आज सांगतो. गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि माझ्यासारखे गाव सोडून पुण्यात, नागपुरात, सुरतेत जाऊन बसले आहेत त्यांच्यासाठीही. सुजाता कधीही आजारी नव्हती. तिला सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार नव्हता. ती कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाली होती, आणि ते लपवायला तिचा आजार मी तयार केला.

ती यवतमाळला बीएस्सीला होती. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली, अकरावी-बारावीचं सायन्स पाठांतरावर निभावलेलं, तिथे मात्र फिजिक्स आणि केमिस्ट्री नुसती इंग्रजीत. वर्षभर ती वर्गात मागच्या बाकावर गप्प बसली आणि परीक्षेत पाच विषयांत गेली. पेटी घेऊन घरी आली त्या दिवशी मी विहारातल्या पोरांना शिक्षणाचं महत्त्व सांगून नुकताच परतलो होतो. आमच्या वस्तीत शिक्षण ही साधी गोष्ट नाही. माझ्या बापाने अंगठा उठवून मला शिकवलं, मी गावाला शिकवलं, आणि माझीच पोरगी नापास. संध्याकाळी चौकात कोणीतरी विचारलं, "गुरुजी, पोट्टी काहून आली वापस?"

"तिला जरा बरं नाही," मी म्हणालो. "रक्त कमी पडतं."

तेव्हा आमच्या भागात सिकलसेलची तपासणी गावोगाव चालू होती. रक्त हा शब्द ऐकला की लोकांच्या डोक्यात दुसरं काही येत नसे. आठवडा गेला नसेल, सगळं गाव म्हणायला लागलं की गुरुजींच्या पोरीला सिकल निघाला. मी नाही म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. पण मग ती परत का आली, हे सांगावं लागलं असतं. आजारी पोरीच्या बापाची लोक कीव करतात, नापास पोरीच्या बापाला हसतात. मी कीव पत्करली. खरं सांगायचं तर ती मला बरीही वाटली. लोक बीट आणून देत, डाळिंबं आणून देत, माझ्या खांद्यावर हात ठेवत.

आणि ती घरात कोंडली गेली. मैत्रिणी कापूस वेचायला निघाल्या की तीही निघायची, मी अडवायचो. तिने पाणी भरायचं नाही, जत्रेला जायचं नाही, कारण आजारी माणूस असं करत नाही. पाहुणे आले की मी तिला खाटेवर पडायला सांगायचो. एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी अंगावर गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी बाहेर पाहुण्यांना तिच्या अशक्तपणाचं वर्णन करायचो. एकदा पाहुणे गेल्यावर ती ताडकन उठली आणि म्हणाली, "बाबा, मी नापास झाली, मेली नाही."

मी तिला गप्प बस म्हणालो.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. सिकलच्या पेशंटची नोंद करायची होती. मी काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी सुजाता स्वतःच दवाखान्यात गेली आणि बोट पुढे केलं. रिपोर्ट साफ आला. सिस्टरांनी विचारलं, मग कॉलेज कशापायी सोडलं? ती म्हणाली, नापास झाली. हे शब्द ती घराबाहेर पहिल्यांदा बोलली होती. सिस्टर म्हणाल्या, "एवढंच? मंग त्यात रक्ताचा काय कसूर?"

त्यानंतर ती रोज दवाखान्यात जायला लागली. मी अडवलं नाही, कारण दवाखान्यात जाणारी पोरगी गावाला आजारीच वाटायची. बाळांच्या लसीकरणाला मदत करायची, बायांना रांगेत बसवायची. उन्हाळ्यात तिने सांगितलं की बारावीला सायन्स आहेच, नर्सिंगच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा देते.

मी नाही म्हणालो. नर्सचं काम म्हणजे लोकांची घाण काढणं, रात्रीच्या ड्युट्या, असली कारणं मी मोठ्या आवाजात दिली. खरं कारण वेगळं होतं. नर्सिंगला जाणारी मुलगी धडधाकट असावी लागते. ती गेली असती तर गावाने विचारलं असतं, गुरुजी, सिकलवाली पोरगी घेतली कशी? माझं खोटं टिकावं म्हणून माझ्या मुलीने घरी बसावं, एवढं साधं गणित होतं ते. ती बिचारी वर्षानुवर्षं समजत राहिली की बाबांना नर्सचं काम हलकं वाटतं.

तिची आई मात्र मला पुरती ओळखून होती. "तुमची लाज सांभाळाले माह्यी पोरगी जन्माले नाही आली," ती म्हणाली, आणि तीच पोरीला घेऊन परीक्षेला गेली, तीच नागपूरच्या कॉलेजात सोडून आली. ज्या सकाळी त्या दोघी पेटी घेऊन निघाल्या तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. स्टँड घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी उठलो नाही.

पहिल्या वर्षी तिला ॲनाटॉमी जड गेली. पहिल्या चाचणीत ती पुन्हा नापास झाली. हाडांची इंग्रजी नावं तिने देवनागरीत लिहून काढली आणि आंघोळ करताना मोठ्याने म्हणत पाठ केली. होस्टेलच्या पोरी हसायच्या. हे सगळं मला इथे पुण्यात आल्यावर कळलं. तेव्हा घरी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "सांगतलं असतं तं तुम्ही अजून एक बिमारी काढली असती." तिचा नवरा आणि ती, दोघंही हसली.

ती पास होऊन आली तेव्हा गावाने विहारासमोर तिचा सत्कार केला. मला बोलायला लावलं. त्या वेळी तरी खरं सांगायला काय हरकत होती? पोरगी डिग्री घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसली होती. नापास होऊन ती उभी राहिली, हेच सांगण्यासारखं होतं. पण मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, माझ्या मुलीने दुर्धर आजारावर मात केली आणि बाप म्हणून मी तिच्या पाठीशी उभा राहिलो. टाळ्या पडल्या. बाया डोळे पुसत होत्या. सुजाता दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेली ती आईच्या मरणापर्यंत गावात आली नाही. तिने पुण्यात कोर्टात लग्न केलं, तेव्हा गावातून मला फोन आला तो एकाच चौकशीसाठी: "गुरुजी, पोराकडच्यायले बिमारीचं सांगतलं ना?"

आता मी तिच्याच घरी राहतो. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, खाली उतरायचं तर वॉचमन नाव विचारतो. माझी भाषा ऐकून सोसायटीतली माणसं हसू दाबतात. सुजाता हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज आहे. नाइट करून आली तरी माझी शुगर तपासल्याशिवाय झोपत नाही. मला ती कधी टाकून बोलली नाही, आणि त्याचाच मला त्रास होतो. गावी असताना मी निदान गुरुजी होतो. इथे मी फक्त तिचा बाप आहे, आणि ते काम मी कसं केलं हे आम्हा दोघांना माहीत आहे.

इथे आल्यावर मी फोनवरून दुरुस्ती सुरू केली. वामनरावांना सांगितलं की तिला सिकल नव्हता. ते म्हणाले, "असू द्या गुरुजी, आता ते नर्स हाय, सोताचं सोता पाहते." दुसऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, पुण्याच्या दवाईनं बरा झाला असंल. मी चिडतो, ओरडतो, ते मला म्हातारपणाचं समजून सोडून देतात. खोटं चौकात एकदा, हळू आवाजात बोललो, तेवढ्यावरच ते गावभर झालं. खरं किती वेळा सांगू? जन्मभर फळ्यावर लिहून गावाला शिकवलं, आणि हे एक वाक्य मला शिकवता येत नाही.

मागच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ देवराव याचा फोन आला. त्याची नात रूपाली यवतमाळला पहिल्या वर्षाला आहे. बोलता बोलता म्हणाला, "दादा, रूपाली घरी आली वापस. तिले बरं नाही राहत. डोकं दुखते, चक्कर येते."

"किती विषयात गेली?" मी विचारलं.

आवाज खाली आणून तो म्हणाला, "आता लोकायले काय सांगावं मंग? तुम्हीच तं असं केलतं."

त्याला माहीत होतं. इतकी वर्षं माझ्या सख्ख्या भावाला माहीत होतं, आणि त्यातून तो एवढंच शिकला होता. मी फोन खाली धरून सुजाताला हाक मारली आणि रूपालीचं सांगितलं. सुजाता ड्युटीला निघाली होती. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं, आत आली आणि फोन घेतला. "काका, रूपालीले द्या."

तिकडून पोरीचा बारीक आवाज आला. सुजाताने फोन स्पीकरवर टाकला.

"काय वं, किती विषय राह्यले?"

"चार," रूपाली म्हणाली, आणि रडायला लागली.

"बस्स? मी पाचात गेलती."

रडणं थांबलं. "आत्या, तुमाले तं सिकल होता ना?"

"काही नव्हतं. मी नापास झालती. ढळढळीत नापास."

त्या दोघी मग बराच वेळ बोलल्या. कोणता पेपर कसा गेला, कोणते सर कसे शिकवतात, परत परीक्षा कधी. मध्येच दोघी हसल्या. सुजाताला ड्युटीला उशीर झाला. मी आमच्या घरात हे बोलणं कधी ऐकलं नव्हतं. ऐकू येऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती.

रूपालीला काय करायचं ते ती ठरवेल. तिला खाटेवर मात्र कोणी झोपवू नका. देवराव, हे तुला लिहितो आहे, सगळ्या गावादेखत.

मी आता परत येईन असं वाटत नाही, आणि गाव कशाला म्हणायचं हेही मला नीट सांगता येत नाही. घर बंद आहे, शाळेत मला ओळखणारं कोणी उरलं नाही. तरी संध्याकाळी फोन वाजला की तिकडचाच असावा असं वाटतं. तेवढा फोन करत जा. फक्त सुजाताची तब्येत विचारू नका. ती नापास झाल्यावर काय झालं ते विचारा. मी सांगेन, हळू आवाजात नाही.