अर्धलीची कोकरं

मी देश सोडला तो घराच्या उंबऱ्यावरून नाही. लोणंदच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात आमचा तळ पडला होता, तिथून निघालो. रानाच्या मालकाने खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं बाकी होतं, आणि मी सांगलीच्या बाजारात घेतलेली नवी निळी बॅग लेंड्यांत टेकू नये म्हणून हातात धरून उभा होतो. "बस की रं वाईच," आई म्हणत होती. बसलो नाही, कारण पँटही नवी होती.

रस्त्यापर्यंत सोडायला वडील आले, आमचे आबा. वडापची जीप थांबली तसे म्हणाले, "जा आता. मागं वळून बघू नगंस, मेंढरं बुजत्यात." मेंढरं लांब होती आणि त्यांची तोंडं पलीकडे होती. मी जीपमध्ये बसलो.

आमचं गाव आटपाडीजवळचं. तिथे दोन खोल्या होत्या, पण दिवाळीनंतर त्यांना कुलूप लागायचं ते पुढच्या पावसाच्या तोंडावर निघायचं. मधले महिने आम्ही पश्चिमेकडे, पाण्याच्या मुलखात. मला शाळेसाठी आधी मामाकडे आणि मग सांगलीच्या वसतिगृहात ठेवलं, म्हणून मी शिकलो. धाकटा सिदू मेंढरांमागे राहिला. आज मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करतो. तुमच्यापैकी जे असे लांब गेले आहेत त्यांना ठाऊक असेल, पहिली काही वर्षं घरी फोनवर सांगायला पुष्कळ असतं. थंडी, बर्फ, इथली दुकानं. मग ते सरतं. मग उरतं, "जेवलास का?" "जेवलो. तुम्ही?" आणि दोन्हीकडची शांतता, जिला आता पैसे पडत नाहीत म्हणून ती आणखी लांबते.

आबांच्या आणि माझ्यामधली ती शांतता मोडली फुटबॉलने. पायाने खेळतात तो नव्हे. इथला, चेंडू काखेत घेऊन पळायचा आणि समोरच्याला आडवं पाडायचा. मला त्याचं वेड नाही. पण शेजारी डेल राहतो, बसचा निवृत्त ड्रायव्हर. दर रविवारी तो गॅरेजचं दार उघडतो, आत टीव्ही लावतो आणि गल्लीला बोलावतो. माझी बायको मला ढकलून पाठवायची, माणसांत बसावं म्हणून. मी पुस्तक घेऊन जायचो आणि एका कोपऱ्यात वाचायचो. कुणी काही म्हणत नसे.

मागच्या हंगामाच्या सुरुवातीला आमच्या शहराच्या संघाने आपला सगळ्यात मोठा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला. समोरची फळी फोडून आत घुसणारा गडी. पोरांच्या पाठीवर त्याचा नंबर, बेकरीत त्याच्या नावाचा केक. बदल्यात काय घेतलं, तर त्या संघाचे पुढच्या तीन वर्षांतले ड्राफ्टमधले नंबर. इथे दरवर्षी कॉलेजातली तयार पोरं संघांमध्ये वाटली जातात. एकेक संघ पाळीने आपला खेळाडू निवडतो, आणि जो संघ सगळ्यात जास्त हरलेला असतो त्याला पहिला मान. ही पाळी दुसऱ्याला देता येते, घेता येते. म्हणजे आमच्या संघाने हातातला गडी दिला आणि निवडायचा हक्क घेतला.

गॅरेजमध्ये त्या रविवारी खेळ कुणी पाहिला नाही. पोस्टात काम करणारा मार्कस म्हणाला, "तीन वर्षं, डेल! तीन वर्षं पहिल्या फेरीत जास्तीचा एक खेळाडू!"

"हक्क रविवारी मैदानात पळतो का?" डेल म्हणाला.

"आणि हा तरी किती दिवस पळणार? गुडघे बघितलेस त्याचे?"

"माझ्या बायकोचे गुडघे त्याच्यापेक्षा वाईट आहेत. तिला मी कुणाला देऊन टाकत नाही."

आतून डेलची बायको ओरडली, "विचारून बघ, कुणी काही देतंय का!"

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला आणि "जेवलास का"नंतर काही सुचेना, म्हणून मी हे सगळं सांगितलं. आबांनी पाच मिनिटांत मला घाम फोडला.

"मंग बदल्यात काय घ्येतलं म्हनतोस?"

"पुढची पोरं निवडायचा मान, आबा."

"पोरं बघितल्यात का त्यांनी?"

"न्हाई. काही तर अजून शाळंत असतील."

"म्हंजी पोटातली कोकरं."

"पोटातली पण न्हाईत. मेंढी अजून गाभणच न्हाई."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून आईचा आवाज आला, "आवं, पानी प्या." मग ते म्हणाले, "चालता बकरा दिऊन असला सौदा? येडी हायत का रं तुजी मान्सं?" पण हरलेल्याला पहिला नंबर मिळतो हे त्यांना फार पटलं. "ह्यो न्याव झाला. आमच्यातबी थोरल्यानं वाटं पाडायचं आन् धाकल्यानं आदी उचलायचं."

तेव्हापासून दर आठवड्याला आबा विचारायचे, "त्या गड्याचं काय झालं?" गडी नव्या संघात जोरात होता. आमचा संघ मार खात होता. मी गॅरेजमध्ये पुस्तक न नेता जाऊ लागलो, कारण मला आबांना सांगायचं असायचं. डेलला कळलं की हिंदुस्थानातला एक मेंढपाळ त्याच्या बाजूने आहे, तेव्हा तो मार्कसला प्रत्येक वादात ऐकवू लागला, "याच्या वडिलांना विचार!"

पौषात आबा गेले. तळ औंधच्या बाजूला होता, तिथे सकाळी उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला नदीवर उभा राहिलो, मुंडण केलं, तेराव्यानंतर परत आलो. इथे कुणाला डोकं का भादरलं ते सांगावं लागलं नाही. बर्फ होता, टोपी होती. डेल दारात आला आणि म्हणाला, "माझं एक मत गेलं." इतक्या सांत्वनांत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते एवढ्याच वाक्याने.

निघायच्या आदल्या दिवशी सिदूने एक गोष्ट काढली होती. कालव्याचं पाणी आता आमच्या शिवारात आलंय. त्याला डाळिंब लावायचं होतं. बायको-पोरांना घेऊन रानोमाळ हिंडायचं नव्हतं. पोरगी पाचवीत होती. मेंढरं विकायचं म्हटलं तर जीव होईना, म्हणून तो म्हणत होता, मामाच्या बिरूला अर्धलीने देऊ. अर्धल म्हणजे जनावर आपलं, पाळणारा तो, आणि दरवर्षी होणारी कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. कळपातला मोठा बकराही द्यायचा. पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे, पोपटाच्या चोचीसारखं नाक. जत्रेत माणसं थांबून बघायची. आबांनी त्याला कोकरू असल्यापासून वाढवला होता.

मी नाही म्हणालो. आबांनी आयुष्यात मेंढरू दुसऱ्याच्या काठीखाली दिलं नव्हतं, हे मी सिदूला ऐकवलं. त्यांना जाऊन पंधरवडाही झाला नाही, हेही ऐकवलं. सिदू खाली बघत म्हणाला, "तू थोरला हायस. तू म्हनशील तसं." आणि मी परत आल्यावर तो पुन्हा कळपाबरोबर चालायला लागला. फोनवर मी विचारलं की म्हणायचा, "चाललंय." मेंढरं हिंडत होती म्हणून मला इथे बरं वाटत होतं. आबा गेलेत, पण त्यांचा कळप कुठल्यातरी रस्त्याच्या कडेने चाललाय, घंटा वाजतायत, बकरा पुढे आहे, असं चित्र मनात धरून मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट आला. डेलचं गॅरेज भरलं. त्या गड्याच्या बदल्यात मिळालेल्या तीन नंबरांपैकी पहिल्या वर्षाचा त्या दिवशी वापरला जाणार होता, आणि तो फार उशिराचा निघाला. कारण गड्याला घेऊन तो दुसरा संघ खूप सामने जिंकला होता आणि जिंकणाऱ्याची पाळी शेवटी येते. डेलला उकळ्या फुटल्या. "आपणच त्यांना बळ दिलं आणि आपलाच नंबर मागे ढकलला! वा!"

"अजून दोन वर्षं आहेत," मार्कस म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

शेवटी आमच्या संघाने कुणी न ऐकलेलं एक पोरगं उचललं. पडद्यावर त्याची आई रडत होती. चांगलं निघेल की वाईट, कुणालाच ठाऊक नव्हतं. गॅरेज थोडं शांत झालं, आणि त्या शांततेत मी कधी नव्हे ते बोललो. सिदूचं, अर्धलीचं, बकऱ्याचं सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की डेल माझ्या बाजूने उभा राहील.

राहिलाच. "देऊ नकोस," तो म्हणाला. "वडिलांचा कळप आहे." मार्कसने लगेच सुरुवात केली: एका मेंढीला किती कोकरं होतात, मेली तर नुकसान कुणाचं, निम्मी कोण निवडणार? वाद पेटला. ज्यांनी आयुष्यात मेंढरू जवळून पाहिलं नव्हतं ती माणसं माझ्या घरच्या कळपावर तावातावाने भांडू लागली. मी ऐकत बसलो आणि मला जाणवलं की त्यांच्यात आणि माझ्यात आता फारसा फरक नाही. गडी ठेवा म्हणणाऱ्या कुणालाच त्या गुडघ्यांवर पळायचं नसतं.

मग मार्कसने मध्येच विचारलं, "आता त्यांच्यामागे चालतं कोण?"

"भाऊ. वहिनी. आणि आई."

"मग आई काय म्हणते?"

मी डेलकडे पाहिलं. डेलने टीव्हीकडे. सिदू आणि मी तीन महिने बोलत होतो. आबांना काय वाटलं असतं यावर तर आम्ही भांडलो होतो. आईला कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, मी फोन केला. सिदूने फोन तिच्या हातात दिला.

"मला इचारतोयस?" ती म्हणाली. "मला कशाला इचारतोयस?"

"तू सांग की, आये."

तिने नाक ओढलं. मागे मेंढरं ओरडत होती. मला वाटलं, रडतेय. आबांचं काही सांगेल, मग मी सिदूला सांगेन, बघ.

"दिऊन टाका म्हनावं," ती म्हणाली. "आरं, लगीन झालं तवापास्नं तुज्या बापाच्या मागं चालती मी. पोटात तू हुतास तवाबी चालत हुती. त्येंची हौस हुती. माजी कुटं हुती? पाय लय दुकत्यात रं. आता बसू दे की मला."

मी म्हणालो, "आन् बकरा? आबांचा..."

"त्योबी दे. न्हाईतर तिकडं मेंढ्या काय बिरूकडं बघून गाभन ऱ्हातील व्हय?"

मी हसलो, आणि हसता हसता माझा आवाज गेला. ती म्हणाली, "रडू नगं. जा, कामाला जा." मग सिदूला फोन देताना म्हणाली, "सुटलं बग एकदाचं." ते मला म्हणाली की त्याला, की पायांना, सांगता येत नाही.

दिवाळी झाली आणि बिरू कळप घेऊन गेला. सिदूने व्हिडिओ पाठवला. तो मी अजून पुरता पाहिलेला नाही. बकरा दिसला की बंद करतो. बिरूने नीट पाळलीत तर आमच्या वाट्याला कोकरं येतील, नाहीतर नाही. डेल म्हणतो, चूक केलीस. मार्कस म्हणतो, पाच वर्षांनी बोलू. आबा असते तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, आणि त्या मी रोज थोड्या थोड्या खातो. सौदा फायद्याचा की तोट्याचा हे मी सांगू शकत नाही, आणि आता ते माझं सांगायचं कामही नाही असं वाटतं.

पण एक झालं. इतकी वर्षं फोन लागला की माझा पहिला प्रश्न असायचा, "आज कुठं हायसा?" फलटणच्या पुढं, वाईच्या खाली, कुणाच्यातरी उसाच्या फडात. मी नकाशावर शोधायचो, कधी सापडायचं, कधी नाही. आईने मात्र आजवर एकदाही मला "कवा येतोस?" असं विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला सवय झाली असेल. आता कळतं, विचारणार कशी? आपण स्वतः पुढच्या महिन्यात कोणत्या माळावर असू हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिने मुलाला कुठे ये म्हणून सांगायचं?

गेल्या रविवारी तिचा फोन आला. खोलीच्या दारात बसली होती, पाय पसरून. पायांना तेल लावलं होतं, उन्हात चमकत होते. मागे सिदूच्या डाळिंबाचे खड्डे खणून झाले होते. बाकीचं बोलून झालं, जेवलास का झालं, थंडी झाली. मग ती म्हणाली, "मी हितंच हाय आता. तू कवा येतोस?"